रंगाऱ्याचा मुलगा जॉर्ज ब्राक

चित्र डोळ्यांनी पाहायचे, त्याला हात लावायचा नाही, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. तरीही काही चित्रे अशी असतात की ती पाहताना बोटे शिवशिवतात. जवळ जावे तर रंगाचा थर गुळगुळीत नसतो. त्यात बारीक कण दिसतात. कुठे ओल्या रेतीची, तर कुठे नुकत्याच गिलावा केलेल्या भिंतीची आठवण होते. आज याचे कुणाला नवल वाटत नाही. दिवाणखान्याची एखादी भिंत खरखरीत रंगाने रंगवून घेण्याची हौस आता पुष्कळ घरांत आहे, आणि सुट्टीतल्या चित्रकलेच्या वर्गात मुले रंगात डिंक नि वाळू कालवून पुठ्ठ्यावर थापतात. पण तेलरंग म्हणजे नळीतून निघणारा मऊ, एकजीव रंग असे सगळे धरून चालत होते, त्या काळात, १९१२ साली, एका फ्रेंच चित्रकाराने त्या रंगात वाळू मिसळली. त्यांचे नाव जॉर्ज ब्राक. आधुनिक चित्रकलेत ही रीत आणण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले आहे.

इतक्या दूरच्या माणसाची आपल्याला काय ओळख, असे कुणी विचारील. आम्हा बडोदेकरांना तरी हा विषय अगदी परका नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी येथे कलाभवन सुरू केले. तिथे चित्रकला शिकवली जाई तशीच सुतारकी, विणकाम आणि कापड रंगवण्याची विद्याही शिकवली जाई. दादासाहेब फाळके येथेच शिकून गेले. पुढे १९५० साली विद्यापीठाची ललित कला शाखा उभी राहिली आणि इंदूरला जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे येथे शिकवायला आले. त्यांच्या त्या काळातल्या काही चित्रांत वस्तूंचे सपाट तुकडे करून त्यांची पुन्हा मांडणी केलेली दिसते. ती दृष्टी ज्या घनवादातून आली, तो घनवाद घडवणारे दोन चित्रकार म्हणजे पिकासो आणि ब्राक. पिकासो यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. ब्राक यांचे नाव मात्र बहुधा त्यांच्या मागोमाग, 'आणि' लावूनच घेतले जाते. त्यांची खरी पुंजी कोणती होती, ती त्यांना कुठून मिळाली, हे आम्हाला येथे सांगायचे आहे.

जॉर्ज ब्राक यांचा जन्म १३ मे १८८२ रोजी पॅरिसजवळच्या आर्जांतय या सेन नदीकाठच्या गावी झाला. घराचा धंदा रंगकामाचा. आजोबा रंगारी, वडील शार्ल हेही रंगारी आणि सजावटीचे ठेकेदार. आठवडाभर लोकांची घरे रंगवावीत आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने निसर्गचित्रे काढावीत, अशी या घराची रीत होती. जॉर्ज आठ वर्षांचा असताना कुटुंब ल हाव्र या बंदराच्या गावी राहायला गेले. समुद्र, गलबते, धुके आणि गोदीतली वर्दळ यांत त्याचे बालपण गेले. शाळेत त्याचे मन फारसे रमले नाही. संध्याकाळी तो गावातल्या कलाशाळेच्या वर्गांना जाई. गंमत म्हणून बासरी शिकला, अकॉर्डियन वाजवू लागला, मुष्टियुद्धाचीही त्याला आवड होती. अंगापिंडाने तो उंच आणि दणकट होता.

१८९९ साली शाळा सोडून तो रंगकामाच्या उमेदवारीला लागला. आधी ल हाव्रमध्ये आणि मग पॅरिसमध्ये त्याने एका सजावटकाराच्या हाताखाली काम केले. ही उमेदवारी म्हणजे नुसते भिंतीवर कुंचला फिरवणे नव्हते. त्या वेळी श्रीमंतांच्या घरी साध्या फळीवर अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा उमटवून मागत. साध्या खांबावर संगमरवराच्या शिरा रंगवून हव्या असत. लाकडाची नक्कल करण्यासाठी ओल्या रंगावरून धातूची फणी ओढायची असे. दुकानाच्या पाट्यांसाठी साच्यातून अक्षरे उतरवायची असत. दगडाचा भास आणण्यासाठी रंगात वाळू मिसळण्याची युक्तीही घरे रंगवणाऱ्या कारागिरांत जुनीच होती. कोणता रंग कशात कालवला की कसा वाळतो, कोणत्या पृष्ठावर किती धरतो, हे सगळे डोक्याआधी हाताला कळावे लागे. जॉर्जने ही विद्या पुरी केली आणि कारागिराचा दाखलाही मिळवला.

त्यानंतर लष्करातली सक्तीची नोकरी झाली आणि १९०२ साली वडिलांच्या मदतीने ते पॅरिसला चित्रकला शिकायला राहिले. घरच्या धंद्यातून बाहेर पडून कलावंत व्हायचे, ही त्या काळी वरच्या पायरीवर चढण्याची गोष्ट होती. रंगारी वेगळा आणि चित्रकार वेगळा. एकाने जिन्याच्या मागच्या दाराने घरात यायचे, दुसऱ्याने पुढच्या दाराने. चित्रकार झालेला रंगाऱ्याचा मुलगा आपली फणी, साचे आणि पुट्टीचे डबे शक्य तितक्या लवकर विसरून जाईल, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार.

पहिली काही वर्षे झालेही तसेच. १९०५ च्या शरद प्रदर्शनात आंरी मातिस आणि आंद्रे देरँ यांची भडक रंगांची चित्रे पाहून ब्राक भारावले. ल हाव्रचे त्यांचे मित्र फ्रिएझ आणि द्युफी यांच्याबरोबर तेही त्याच वाटेने निघाले. दक्षिणेतल्या समुद्रकिनारी जाऊन त्यांनी गुलाबी झाडे आणि जांभळे डोंगर रंगवले. १९०७ च्या प्रदर्शनात ती चित्रे विकलीही गेली. तरुण चित्रकाराला आणखी काय हवे? पण ब्राक त्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षी सेझान यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. सेझान आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या चित्रांतली डोंगराची, घराची, सफरचंदाची घडण ब्राक यांच्या मनात बसली. वर्षअखेरीस कवी अपोलिनेर यांनी त्यांना पिकासो यांच्या चित्रशाळेत नेले. तिथे पाच स्त्रियांचे एक प्रचंड, अवघड चित्र उभे होते. ते पाहून ब्राक आधी हबकले, मग त्याचाच विचार करू लागले.

१९०८ च्या उन्हाळ्यात लेस्ताक या गावी त्यांनी घरे आणि झाडे रंगवली. त्यांत रंगांची भडक आतषबाजी नव्हती. घरांना दारे-खिडक्या नव्हत्या, एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांसारखी ती डोंगरउतारावर बसली होती. शरद प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ही चित्रे नाकारली. नोव्हेंबरमध्ये काह्नवायलर या तरुण जर्मन व्यापाऱ्याने ती आपल्या छोट्या दालनात मांडली. एका समीक्षकाने ठोकळ्यांवरून त्यांची थट्टा केली आणि त्या थट्टेतूनच पुढे या चळवळीला घनवाद हे नाव पडले.

यानंतरची पाचसहा वर्षे ब्राक आणि पिकासो यांनी जणू जोडीने संसार करावा तसे काम केले. रोज संध्याकाळी एकमेकांच्या चित्रशाळेत जायचे, दिवसभरात काय झाले ते पाहायचे, आणि दोघांना पटल्याशिवाय चित्र पुरे झाले असे मानायचे नाही. डोंगर चढणारे दोघे एकाच दोराने बांधलेले असावेत, तसे ते दिवस होते असे ब्राक पुढे म्हातारपणी सांगत. दोघांच्या स्वभावांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. पिकासो विजेसारखे. ब्राक सावकाश, तोलून मापून पाऊल टाकणारे. त्या काळातली दोघांची काही चित्रे शेजारी ठेवली तर कोणते कुणाचे, हे जाणकारालाही पटकन सांगता येत नाही. चित्राच्या दर्शनी बाजूला सहीदेखील ते करीत नसत.

पण १९११ च्या सुमारास एक अडचण उभी राहिली. वस्तूचे तुकडे करीत करीत चित्र इतके विरळ झाले की वस्तू कुठली, हेच कळेनासे होऊ लागले. सगळे तपकिरी आणि करड्या छटांचे धुके. येथून पुढे चित्राने खऱ्या जगाशी नाते कसे राखायचे? या प्रश्नावर ब्राक यांच्या मदतीला आली ती कलाशाळेतली विद्या नव्हे, तर उमेदवारीतली.

त्यांनी पाटीवर रंगवतात तशी साच्याची अक्षरे चित्रात आणली. अक्षर सपाट असते, ते चित्राच्या पृष्ठावरच राहते, त्यामुळे बाकीची जागा त्याच्या मागे सरकते. मग त्यांनी रंगाऱ्याची फणी बाहेर काढली आणि ओल्या रंगावरून ओढून व्हायोलिनच्या किंवा टेबलाच्या जागी लाकडाच्या रेषा उमटवल्या. ही युक्ती त्यांनी पिकासो यांना दाखवली. पिकासो हे पिकासोच. त्यांनी त्या फणीने लाकूड काढायचे सोडून एका कवीच्या चित्रात केस आणि मिशा काढल्या! आणि १९१२ मध्ये ब्राक यांनी रंगात वाळू घातली.

त्या उन्हाळ्यात ब्राक आणि त्यांची सहचारिणी मार्सेल आव्हिन्यों शहराजवळच्या सोर्ग या गावी राहत होते. पिकासो यांनीही तिथे घर घेतले होते. सोर्गला केलेल्या एका चित्रात फळांचे तबक, बाटली आणि पेला आहे. ते चित्र तेलरंग आणि वाळूचे आहे आणि आज पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात आहे. त्याच दिवसांत आव्हिन्योंच्या एका दुकानाच्या काचेत ब्राक यांना भिंतीला लावायचा, ओकच्या लाकडाची नक्कल छापलेला कागद दिसला. पिकासो काही दिवसांसाठी पॅरिसला गेल्यावर त्यांनी तो विकत आणला, त्याचे तुकडे कापून चित्रावर चिकटवले आणि भोवती कोळशाने रेखाटले. चिकटचित्राची ही सुरुवात फार गाजली. वाळूची गोष्ट तिच्या सावलीत राहिली. पिकासो परतल्यावर हे सारे पाहून थक्क झाले आणि त्या शरदात त्यांनी ब्राक यांना पत्रातून मोकळेपणाने कळवले की आपण तुमच्याच कागदाच्या आणि धुळीच्या युक्त्या वापरतो आहोत. ब्राक यांनी कधी मालकी सांगितली नाही. ज्या कारखान्यात वाढले तिथे एकाची युक्ती दुसऱ्याने उचलणे ही चोरी नव्हती, ती शिकण्याची रीत होती.

वाळूने नेमके काय साधते, ते थोडे उलगडून सांगायला हवे. तेलरंगाचा साधा थर आरशासारखा असतो. त्यावर पडलेला प्रकाश बराचसा एकाच दिशेने परततो, म्हणून तो चकाकतो. रंगात वाळू असली की पृष्ठभागावर हजारो बारीक उंचवटे तयार होतात. प्रत्येक कणाची एक बाजू उजळते आणि दुसऱ्या बाजूला सुईच्या टोकाएवढी सावली पडते. चकाकी जाते, रंग खोल आणि मुका होतो. तोच तपकिरी रंग गुळगुळीत पट्टीत एक दिसतो आणि वाळूच्या पट्टीत दुसराच. शिवाय कुंचला पूर्वीसारखा झरझर सरकत नाही. प्रत्येक फटकाऱ्याला अडथळा होतो, त्यामुळे चित्रकारालाही सावकाश जावे लागते. ब्राक यांच्या प्रकृतीला हे मानवणारेच होते. वाळूबरोबर त्यांनी लाकडाचा भुसा आणि धातूचा कीसही वापरून पाहिला.

यामागे त्यांचा एक विचार होता आणि तो कापड रंगवणाऱ्या कुणालाही सहज पटेल. दोन निरनिराळ्या प्रकारची पांढरी कापडे एकाच रंगाच्या भांड्यात बुडवली तरी ती सारख्या रंगाची होऊन बाहेर येत नाहीत, हे उदाहरण ते देत. आपल्याकडे रेशमाची लड आणि सुताची लड एकाच भांड्यातून काढून पाहावी. एकीवर रंग झळकतो, दुसरीवर तो मुरतो. म्हणजे रंग हा वस्तूवर वरून चढवलेला पोशाख नाही. तो ज्या द्रव्यात असतो त्या द्रव्याचा होऊन राहतो. चित्रकार इतकी वर्षे रंगाचा विचार करीत आले, पण द्रव्य गृहीत धरून. ब्राक यांनी द्रव्यालाच चित्रात बोलू दिले.

आपल्या रांगोळीशी याचे थोडे साम्य आहे, पण फरकही मोठा आहे. रांगोळीची पूड कोरडी असते, ती चिमटीतून सुटते, जमिनीवर हलकी बसते आणि दुसऱ्या दिवशी केरसुणीने जाते. तिचे सौंदर्यच त्या जाण्यात आहे. ब्राक यांची वाळू तेलात बांधलेली, कॅनव्हासला घट्ट धरून बसलेली आहे. ते ती कधी रंगातच कालवीत, तर कधी आधी तिचा थर देऊन त्यावर रंगवीत. त्यांना हवी होती ती टिकणारी, हाताला जाणवेल अशी जागा. म्हणूनच त्यांनी निसर्गचित्रे मागे टाकून टेबलावरच्या वस्तू निवडल्या. डोंगर दूर असतो, त्याला हात पुरत नाही. पेला, पाव, व्हायोलिन, फळांचे तबक यांना पुरतो. नुसती दिसणारी जागा आणि हाताला लागणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याला दुसरी रंगवायची आहे, ही त्यांची आयुष्यभराची धारणा होती.

हा सारा डाव रंगात आला असतानाच महायुद्ध पेटले. २ ऑगस्ट १९१४ रोजी ब्राक आणि देरँ लष्करात रुजू होण्यासाठी निघाले. आव्हिन्योंच्या स्टेशनावर पिकासो त्यांना पोचवायला आले होते. पिकासो स्पेनचे नागरिक, त्यांना युद्धावर जायचे नव्हते. दोघांची मैत्री नंतरही राहिली, पण त्या स्टेशनावर एकत्र कामाचे पर्व संपले ते संपलेच.

११ मे १९१५ रोजी आर्त्वा प्रांतात कारांसी गावाजवळच्या लढाईत ब्राक यांच्या डोक्याला भयंकर जखम झाली. मेलेले समजून ते रणांगणावरच पडून राहिले. जखमींना उचलणाऱ्यांना ते नंतर सापडले. कवटी उघडून शस्त्रक्रिया करावी लागली. काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. ज्याने डोळ्यांच्या कलेला स्पर्शाची जोड दिली, त्याच्यावर काही दिवस अंधारात चाचपडण्याची पाळी यावी, यापेक्षा कठोर दैव ते कोणते? सरकारने शौर्याबद्दल पदके दिली. पण कुंचला पुन्हा हातात धरायला त्यांना १९१७ साल उजाडले. जानेवारीत मित्रांनी त्यांच्या बरे होण्याप्रीत्यर्थ मेजवानी दिली तेव्हा ते पस्तिशीला आले होते. या दोन वर्षांत पॅरिसचे कलाजग पुढे निघून गेले होते.

आणखी एक घाव बाकी होता. काह्नवायलर जर्मन असल्यामुळे त्यांच्या दालनातला सारा माल फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला होता. १९२१ ते १९२३ या काळात चार लिलावांत तो फुंकून टाकण्यात आला. घनवादाच्या सर्वांत चांगल्या वर्षांतली ब्राक यांची चित्रे कवडीमोलाने गेली. ज्या देशासाठी डोके फोडून घेतले त्याच देशाच्या लिलावात आपले काम असे विकले जात असलेले पाहून हा शांत माणूस खवळला. विक्रीला तज्ज्ञ म्हणून हातभार लावणाऱ्या चित्रव्यापाऱ्याच्या अंगावर ते लिलावघरातच धावून गेले. तरुणपणीचे मुष्टियुद्ध त्या दिवशी कामी आले. त्यांच्या आयुष्यातला जाहीर संतापाचा हा एवढाच प्रसंग प्रसिद्ध आहे.

यानंतर त्यांनी जे केले ते त्यांच्या स्वभावाला धरून होते. सभा-संमेलने आणि जाहीरनामे सोडून ते कामाकडे वळले. कॅनव्हासला आधी काळा थर द्यायचा, त्यात वाळूचा खरखरीतपणा आणायचा आणि त्या अंधारातून वस्तू उजेडात काढायच्या, अशी त्यांची पद्धत बसली. १९२९ चे त्यांचे गोल टेबलाचे मोठे चित्र वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात आहे. जवळजवळ दीड मीटर उंच, तेलरंग, वाळू आणि कोळसा यांनी केलेले. टेबलावर वाद्य, फळे, सुरी, चिलीम अशा वस्तू एकमेकींना खेटून उभ्या आहेत. टेबल उभे केल्यासारखे आपल्याकडे कलले आहे, तरी त्यावरचे काही घसरत नाही. रंगाचा तो जाडाभरडा पोतच साऱ्याला धरून ठेवतो. १९३१ साली त्यांनी प्लास्टरच्या पाट्या काळ्या रंगाने रंगवून त्यांवर टोकदार हत्याराने ग्रीक देवतांच्या आकृत्या कोरल्या. काळ्यातून पांढरे प्लास्टर रेषेच्या रूपाने वर आले. गिलावा करणाऱ्यांच्या शेजारी काम केलेल्या हातालाच असे सुचावे.

मार्सेलशी त्यांचे लग्न १९२६ साली रीतसर झाले. त्याआधी वर्षानुवर्षे त्यांचा संसार चाललेलाच होता. १९३१ पासून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर व्हारांजव्हिल गावी त्यांचे दुसरे घर झाले. लहानपणचा समुद्र पुन्हा भेटला. किनाऱ्यावर फिरताना ते गोटे आणि हाडे वेचून आणीत आणि चित्रशाळेत मांडून ठेवीत. तिथे एकाच वेळी अनेक चित्रे उभी असत. एखादे चित्र वर्षभर पडून राहिले तरी त्यांना घाई नसे. रंगही पुष्कळदा ते स्वतःच घोटून तयार करीत. १९३७ साली अमेरिकेतल्या कार्नेगी प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पॅरिस घेतले. १९४१ साली काही नामांकित फ्रेंच कलावंत जर्मनांच्या निमंत्रणावरून जर्मनीच्या सहलीला गेले. त्यांत देरँ होते, व्लामिंक होते, म्हणजे ब्राक यांचे तरुणपणीचे सोबती होते. ब्राक गेले नाहीत. भाषण नाही, घोषणा नाही. दार लावून ते काम करीत राहिले. कोळसा आणि अन्न यांच्या टंचाईच्या त्या दिवसांत त्यांच्या चित्रांत मासे, पाव आणि शेगडी आली. १९४४ पासून त्यांनी बिलियर्डच्या टेबलांची मालिका केली, तिथेही रंगात वाळू आहेच. सोर्गच्या उन्हाळ्याला तेव्हा तीस वर्षे उलटून गेली होती. एका प्रयोगाने गवगवा होतो. तोच प्रयोग तीस वर्षे कामाला लावणे याला निष्ठा लागते.

दरम्यान दुसऱ्यांनी ही वाट पुढे नेली होती. आंद्रे मासाँ यांनी १९२६-२७ च्या सुमारास कॅनव्हासवर डिंक सांडून त्यावर वाळू भुरभुरली आणि उमटेल त्या आकारातून चित्रे काढली. पुढे द्युब्युफे यांनी रंगात खडी नि माती मिसळून जाड लेप दिले. स्पेनच्या तापिएस यांनी तर भिंतीच उभ्या केल्याचा भास आणला. आज ज्याला टेक्श्चर म्हणतात त्याची ही वंशावळ आहे आणि तिचा मूळपुरुष ल हाव्रच्या रंगाऱ्याच्या दुकानात वाढलेला आहे.

मानसन्मान उतारवयात आले. १९४८ साली व्हेनिसच्या प्रदर्शनाचे मोठे पारितोषिक मिळाले. १९५३ साली लूव्र संग्रहालयातल्या एका जुन्या दालनाच्या छतावर त्यांनी रंगवलेले मोठे काळे पक्षी विराजमान झाले. राजवाड्याच्या छताचे रंगकाम! वडील आणि आजोबा असते तर त्यांना हा ठेका समजला असता. १९६१ साली लूव्रमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. हयात चित्रकाराला असा मान त्याआधी मिळाला नव्हता.

३१ ऑगस्ट १९६३ रोजी पॅरिसमध्ये ब्राक यांचे निधन झाले. सरकारने लूव्रसमोर त्यांना निरोप दिला. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी भाषण केले. मग त्यांना व्हारांजव्हिलला नेऊन समुद्रावरच्या कड्यावर, चर्चच्या आवारात पुरण्यात आले. त्या गावच्या चर्चसाठी त्यांनी रंगीत काचेची खिडकी केलेली आहे. दोन वर्षांनी मार्सेलही त्यांच्या शेजारी विसावल्या.

हे चरित्र वाचून तरुण वाचकांनी काय घ्यावे, असे विचाराल तर आम्ही एवढेच म्हणू. आपल्या जुन्या घरांपैकी पुष्कळ घरांच्या मुळाशी एखादा हाताचा धंदा आहे. कुणाचे पणजोबा सराफी करीत, कुणाचे शिवणकाम, कुणाचे छापखान्यात खिळे जुळवत, कुणाचे मूर्ती घडवत. मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, आणि ती हत्यारे माळ्यावर गेली. ते व्हायचेच होते, त्यात वाईट काही नाही. पण त्या हत्यारांबरोबर जे हाताचे ज्ञान घरात होते ते कमी प्रतीचे होते, असे मात्र कुणी मानू नये. ब्राक यांना अडलेल्या जागी वाट दाखवली ती बापजाद्यांच्या फणीने आणि वाळूने.

आपल्यापैकी अनेकांचे मुलगे-मुली आता परदेशी असतात आणि त्यांच्याकडे जाणे-येणे होते. पॅरिसला किंवा वॉशिंग्टनला गेलात तर ब्राक यांच्या चित्रासमोर दोन मिनिटे उभे राहा आणि मग जरा बाजूला सरका. समोरून न दिसणारे कण तिरप्या उजेडात दिसू लागतील. हात मात्र लावू नका. तिथला पहारेकरी लगेच हटकतो.